डाव्या अंगाचा फेस

बाहत्तरच्या दुष्काळाआधीच्या हिवाळ्यात आमच्या धरणावर खोली मोजायचं यंत्र आलं, आणि ते चालवायला शिकून आला तो पारनेरचा माणूस. पारनेरचा! ज्या तालुक्यात विहिरीचा तळ बघायला उन्हाळ्याचीही वाट पाहावी लागत नाही, तिथला. मी पुणतांब्याचा. गोदावरीच्या काठावर वाढलेला, चालायला लागलो तेव्हाच पाण्यात उतरलेला. पाटबंधारे खात्याच्या बोटीवर मला बारा वर्षं झाली होती. त्याला खात्यात येऊन जेमतेम तीन.

धरण जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगरांत. जुनं असल्यामुळे दर काही वर्षांनी त्यातला गाळ मोजावा लागे. लाकडी मोटरबोट चालवणं, तिची दुरुस्ती करणं आणि मोजणीच्या वेळी शिशाचं वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडून खोली सांगणं, हे माझं काम. दोरीला दर दहा फुटांवर रंगीत चिंधी असे. वजन खडकावर टेकलं तर हाताला टचकन कळे. गाळात गेलं तर दोरी सावकाश ढिली पडे. "अठ्ठावन्न, गाळ," मी ओरडायचो आणि साहेब लिहून घ्यायचे. माझा आकडा त्यांनी कधी दुसऱ्यांदा विचारला नाही. त्याचा मला फार अभिमान होता.

यंत्र येणार म्हटल्यावर ते शिकायला एका माणसाला तीन आठवडे पुण्याला पाठवायचं ठरलं. मलाच पाठवणार, असं मी मनाशी धरूनच चाललो होतो. नवीन सदरासुद्धा शिवून घेतला. साहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, "यंत्राचं पुस्तक इंग्रजीत आहे. मॅट्रिक झालेला माणूस लागेल. त्या पारनेरच्या मोजणीदाराला पाठवतोय."

माझी शाळा सातवीत सुटलेली. "बरोबर हाय साहेब," मी म्हणालो आणि घरी येऊन न जेवता पडून राहिलो.

बायको म्हणाली, "प्वाट दुखतंय का?"

"व्हय," मी म्हणालो. ते एका अर्थी खरंच होतं.

तीन आठवड्यांनी तो परत आला तो लाकडी खोकं घेऊन. खोक्यात दोन वस्तू होत्या. एक पेटी, जिच्यात कागदाची गुंडाळी फिरायची आणि त्यावर सुई तळाची रेघ ओढत जायची. दुसरी, हाताच्या पंजाएवढी जड, गोल डबी, तिला जाड वायर. तिचं नाव ट्रान्सड्यूसर. ती बोटीच्या मागच्या फळीला, पाण्याखाली बसवायची. ती खाली आवाज सोडते, तळावर आपटून आवाज परत येतो आणि त्यावरून खोली कळते, असं त्याने आम्हाला समजावून सांगितलं. इतकं सोपं करून सांगितलं की मला त्याचा आणखीच राग आला. मला तो शब्द नीट उच्चारता येईना. तो मात्र आपल्या मामाचं नाव घ्यावं तसा तो शब्द सहज उच्चारायचा.

दुसऱ्या दिवशी डबी बसवायचं काम निघालं. बोट घाटाच्या पायऱ्यांना बांधली होती. विजार गुडघ्यापर्यंत वर करून तो शेवटच्या पायरीवर उभा राहिला. सागवानी ठोकळा, लोखंडी पट्टी, बोल्ट, सगळं त्याने मांडून ठेवलं होतं. मला वाटलं, याला गिरमिट धरता येणार नाही. पण त्याने पाडलेली भोकं माझ्यापेक्षा साफ निघाली.

त्याआधी त्याने मला एक प्रश्न विचारला होता. तो मी अजून विसरलेलो नाही.

"दादा, डाव्या अंगाला बसवू का उजव्या? उजवीकडं पेट्रोलची नळी आडवी येतीया. पुस्तकात लिव्हलंय, पाणी शांत असंल तिथं बसवा. तुमी बोटीवर लई वर्सं हाय, तुमाला ठावं आसंल."

मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी डाव्या बाजूला बोटीचा तळ खडकावर घासला होता आणि फुटलेल्या जागी मी स्वतः पत्रा ठोकला होता. बोट वेगात निघाली की त्या पत्र्याच्या कडेपासून बुडबुड्यांचा पांढरा पट्टा मागे सरकत यायचा. पाणी उभ्या बोटीखाली शांत दिसे, पण चालत्या बोटीखाली डावीकडे नुसता फेस. हे माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

मी म्हणालो, "शिकून तुमी आलाय. मी काय सांगनार?"

त्याने मान डोलावली. टोमणा त्याच्या लक्षात आला की नाही, कोण जाणे. त्याने डबी डावीकडे बसवली. पाणसळ लावून तोंड सरळ खाली आहे ना हे तीनदा पाहिलं, पाणी आत झिरपू नये म्हणून बोल्टच्या भोकांत सफेदा भरला. मी पायरीवर बसून बिडी ओढत सगळं पाहत होतो. खोटं कशाला सांगू, मला आतून गुदगुल्या होत होत्या.

घाटाला बांधलेल्या बोटीत यंत्र झकास चाललं. सुईने कागदावर सुरेख काळी रेघ ओढली. साहेब खूश. मग बोट धरणात काढली, मी इंजिनाला वेग दिला आणि रेघ गेली. कागदावर नुसते काळे ठिपके, जशी कुणी मोहरी सांडली असावी. वेग कमी केला की रेघ परत यायची, वाढवला की जायची. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही तेच. तो पेटी उघडून बघायचा, वायर तपासायचा, पुस्तक चाळायचा. साहेबांनी शेवटी चार लोकांसमोर सुनावलं, "उद्यापर्यंत जमलं नाही तर यंत्र परत पाठवतो. आणि तुम्हाला कशाला पाठवलं होतं तेही विचारावं लागेल मला."

त्या संध्याकाळी मी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीत आम्ही दोघेच होतो. धरणाच्या मध्यावर आल्यावर तो म्हणाला, "दादा, यंत्र चांगलं हाय. गडबड पान्यात हाय. तुमी जोरात चालवा, मी मागं वाकून बघतो."

"वाका की."

"मला पवता येत न्हाई. मागनं पट्टा धरताल का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. इतके दिवस हा माणूस पोहता येत नसताना माझ्याबरोबर दीडशे फूट पाण्यावर बसत होता, आणि आम्हाला कुणालाच त्याने कळू दिलं नव्हतं. एका हाताने मी इंजिनाचा दांडा धरला, दुसऱ्या हाताने त्याच्या कमरेचा पट्टा. तो मागच्या फळीवरून इतका वाकला की त्याचे केस पाण्याला लागत होते. इंजिनाचा पंखा त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर. त्याचा सगळा भार माझ्या बोटांवर आला होता आणि तो निवांत पाणी बघत होता.

"दादा, हितं फेस हाय! हा कुटनं येतुय?"

मी इंजिन बंद केलं. त्याला वर ओढून घेतलं. म्हणालो, "तळाला पत्रा हाय. म्याच ठोकलाय. त्याच्या कडंनं येतो."

त्याने तोंडावरचं पाणी पुसलं. मग विचारलं, "आधीपासनं ठावं हुतं?"

"व्हय."

त्याने नुसतं पेटीवर झाकण घातलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आम्ही घाटाला आलो. पेट्रोलची नळी मी वरून वळवून घेतली आणि डबी उजवीकडे, फळीच्या कडेपासून वीतभर आत, मी स्वतः बसवली. त्याने पाणसळ धरली. जुनी भोकं मी लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवली. दुपारी साहेबांना घेऊन निघालो. पूर्ण वेगात रेघ एकदाही तुटली नाही. धरणाचा तळ, जो मी बारा वर्षं दोरीने चाचपत होतो, तो अर्ध्या तासात कागदावर उमटला.

साहेबांनी त्याची पाठ थोपटली. तो म्हणाला, "साहेब, जागा दादांनी दाखवली. माजं चुकलं हुतं."

साहेब माझ्याकडे बघून हसले. मला मात्र त्याचा पहिल्याहून जास्त हेवा वाटला. आता तो हेवा यंत्राचा राहिला नव्हता. आपल्याला हे असं बोलता आलं असतं का, याचा होता.

मार्चमध्ये त्याला दुसऱ्या धरणांच्या मोजणीवर नेमलं. बोट चालवायला माणूस निवडायची मुभा त्यालाच होती. तो माझ्या घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "दादा, तुमीच चला."

"पोरांची शाळा हाय," मी म्हणालो.

तो गेल्यावर बायको कपबशा उचलत म्हणाली, "शाळा तर तिकडं बी आसती."

मी गेलो नाही. त्याने एका कोपरगावच्या माणसाला बरोबर नेलं, आणि पुढची चार वर्षं ते दोघे राज्यभर हिंडले. मला बातम्या कळत. कधी कुणी माझ्यासमोर त्याचं कौतुक केलं की मी म्हणायचो, हो, भला माणूस आहे. आणि मग थोडा वेळ मला कुणाशीच बोलावंसं वाटत नसे.