नाल्यात हब कोणी फिरवले?

गूढ अनुभवांच्या या सदरात लिहिणारा प्रत्येक जण आरंभी सांगतो की, त्याचा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आणि शेवटी सांगतो की, आता बसला आहे. माझा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. तरीही लिहितो आहे, कारण मागच्या अंकात माझे मेहुणे पुरुषोत्तम यांनी 'नाल्यातील शुभ्र आकृती' या नावाने जे काही छापून आणले, त्यातली गाडी माझी होती, चालक मी होतो, आणि आकृती मुळीच नव्हती.

ज्यांनी केवळ डांबरी रस्त्यावर गाडी चालवली आहे, त्यांना एक गोष्ट आधी समजावून सांगणे भाग आहे. सारा वाद तिच्यावर उभा आहे. जुन्या पद्धतीच्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत आतला छोटा दांडा ओढला की इंजिनची ताकद पुढच्या चाकांपर्यंत येते, पण चाके ती घेत नाहीत. ती घ्यावी म्हणून खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध असलेली चकती — तिला हब म्हणतात — हाताने फिरवावी लागते. 'फ्री'वरून 'लॉक'वर. हे काम आत बसून होत नाही. कोणीतरी चिखलात उतरावेच लागते.

पाटबंधारे खात्यातल्या माझ्या सबंध नोकरीत उतरणारा माणूस लालसू होता. भामरागडच्या पलीकडच्या एका माडिया गावचा, माझ्याच हुद्द्याचा सर्वेक्षक, आणि माझ्याहून तोंडाळ. आमच्या जीपचा नियम ठरलेला होता : स्टिअरिंगवरचा उतरत नाही, डावीकडचा उतरतो. मी कधी दाराला हात लावला तर तो खेकसे, "तू बस ना गा! उतरशील अन् अर्धा नाला आत आणशील." दोन्ही हब फिरवून झाले की बॉनेटवर उघड्या पंज्याने एक थाप मारी. तिचा अर्थ — चल.

निवृत्तीनंतर मी स्वतःची पहिली फोर-व्हील-ड्राइव्ह घ्यायची ठरवली, तेव्हा सल्ला देणाऱ्यांची रांग लागली. चंद्रपूरच्या एका ऑफ-रोड ग्रुपमधली तरुण मंडळी तर ब्रह्मपुरीला माझ्या अंगणात येऊन बसली. रुंद टायर घ्या, छतावर दिव्यांची पट्टी लावा, ऑटोमॅटिक हब बसवा. "काका, बटन दाबलं का झालं! उतरायची गरजच नाई."

लालसू शेजारी बसला होता. म्हणाला, "अन् बटनच बिघडलं त? नाल्यात उभं राहून कंपनीले फोन लावता का?"

मंडळी हसली. मी हसलो नाही. मला ते पटले होते. आम्ही दोघांनी मिळून एक जुनी, आखूड बांध्याची डिझेल गाडी निवडली. रुंद टायर चिखलावर तरंगतात आणि खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून अरुंद आणि खोल नक्षीचे टायर घातले. स्प्रिंगा थोड्या उंच केल्या. इंजिनला हवा वरून मिळावी म्हणून स्नॉर्केल बसवले, ओढून काढण्यासाठी पुढेमागे भक्कम हूक लावले. दिव्यांची पट्टी नाही, स्टिकर नाहीत. आणि हब — हाताचे. नवे कोरे. लालसूने ते अंगणातच फिरवून पाहिले. "कडक आहेत," म्हणाला. "बरं आहे. फुकटात फिरनार नाईत."

त्यानंतर काही दिवसांतच तो झोपेत गेला. त्या गाडीत तो एकदाही बसला नाही.

माडिया लोकांत मृत माणसाच्या नावाने दगड उभा करतात. दिवाळीनंतर तो उभा होणार असल्याचा निरोप आला आणि मी निघालो. एकट्याने जाऊ नका, असा घरच्यांचा हट्ट. म्हणून पुरुषोत्तम डावीकडे बसले. निवृत्त मुख्याध्यापक आहेत. हबला ते त्या दिवसापर्यंत 'चाकाचं झाकण' म्हणत असत, एवढे त्यांच्या लेखाची विश्वसनीयता जोखायला पुरे.

आलापल्लीला चहासाठी थांबलो तेव्हा मी दोन्ही हबना हात लावून पाहिले. नवे काम होते. बेअरिंग तापते का, हे पाहणे आवश्यक होते. तापलेले नव्हते. दोन्ही चकत्या 'फ्री'वर होत्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे, आणि माझ्या डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेले आहेत. त्यानंतर नाल्यापर्यंत आम्हां दोघांपैकी कोणीही खाली उतरले नाही.

गावाच्या अलीकडचा तो नाला. भर दुपार, स्वच्छ ऊन. पाणी मांडीभर, तळाला वाळू. मी काठावर गाडी थांबवली, छोटा दांडा ओढून लो गिअरमध्ये टाकला... आणि नुसताच बसून राहिलो.

"काऊन थांबले, भाऊजी?" पुरुषोत्तमांनी विचारले.

काऊन थांबलो होतो, हे मला तेव्हा सांगता आले नाही. आज सांगता येते. डावीकडचे दार उघडण्याची मी वाट पाहत होतो. ते उघडले नाही, आणि मी तसाच पाण्यात शिरलो. हब न फिरवता. ही चूक होती, निःसंशय चूक, आणि ती मी केली. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे.

मध्यावर मागची चाके वाळूत रुतली. पुढची नुसती उभी. दाराच्या फटीतून पाणी आत येऊ लागले.

"भाऊजी, मले पोहता येत नाई!"

"पाणी मांडीभर आहे, पुरुषोत्तम."

"उभं राह्यल्यावर मांडीभर! बसल्या माणसाच्या गळ्याशी येते ना!"

चूक माझ्या ध्यानात आली होती. उतरावे म्हणून मी दाराच्या कडीला हात घातला. तेवढ्यात पुरुषोत्तम म्हणाले, "बॉनेटवर कोन मारलं?"

मी काही ऐकले नाही. मला कमी ऐकू येते आणि इंजिन गरजत होते. परंतु पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवर दाबला गेला आणि स्टिअरिंगमध्ये ओढ आली — पुढची चाके जमीन पकडतात तेव्हा येते ती ओढ. ती मी आयुष्यभर तळहातांनी ओळखत आलो आहे. गाडीने नाक उचलले आणि ती पलीकडच्या काठावर चढली.

खाली उतरून पाहिले. दोन्ही हब 'लॉक'वर होते. त्यातला एक परत फिरवायला मला दोन्ही हातांचा जोर लावावा लागला. पाण्याने, वाळूने, धक्क्याने ते फिरणे शक्य नाही. त्यातही दोन्ही, आणि तेही पुरते.

एवढेच घडले. पांढरे कपडे घातलेले कोणी पाण्यावर उभे नव्हते. उदबत्तीचा वास आला नाही. पुरुषोत्तमांनी दोन पाने भरून जे पाहिले नाही ते लिहिले, आणि जे एक वाक्य ते त्या क्षणी खरोखर बोलले, तेच गाळले! लालसूची ती थाप त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मी त्यांना याचा जाब विचारला, तर म्हणाले, "अशा थापेत वाचनाऱ्याले काय मजा?"

ऑफ-रोड ग्रुपचे म्हणणे असे की, हब लॉक नव्हतेच. मागच्या टायरखाली खडक लागला असेल. त्यांना मी विचारतो : स्टिअरिंगमधली ओढही खडकानेच दिली काय?

आणि तिसरे म्हणणे माझ्या मुलाचे, अविनाशचे. तो चिडून बोलत नाही, हेच अधिक लागते. "बाबा, तुम्ही चहाच्या थांब्यावर लॉक केले होते. बरोबरच केले होते. मग विसरलात. या वयात होते असे." मी त्याला सांगितले की, हब लॉक करून डांबरी रस्त्यावर गाडी चालवली तर पुढचे सारे सामान विनाकारण फिरत राहते, गाडीचा सूर बदलतो, आणि तो सूर मला अंगाने कळतो. त्याने मान हलवली. लहान मुलाच्या बोलण्याला हलवतात तशी. मग गाडीची किल्ली खिशात घालून तो नागपूरला निघून गेला. आता डॉक्टरकडे नेऊन माझ्या स्मरणशक्तीची तपासणी करण्याचे चालले आहे. सूनबाईंनी देवघरातल्या समईसाठीही एकट्याने काडी पेटवू नका, असे बजावले आहे.

अशी ही कोंडी आहे. हब मी फिरवले म्हणावे, तर माझे डोके गेले. मी फिरवले नाहीत म्हणावे, तर पुरुषोत्तमांच्या पंगतीला बसावे लागते. दोन्ही मला मान्य नाही.

गावात पोहोचल्यावर लालसूच्या पत्नीला, मैनीबाईंना, मी हे सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "गोटा उद्या उभा होते, भाऊ," त्या म्हणाल्या. "तवर तो घरी बसला नाई. रस्त्यावरच ना."

मी म्हणालो, "बाई, मी हे मानत नाही."

"नका मानू. पोहोचले ना?"

दुसऱ्या दिवशी दगड उभा झाला. दोर धरणाऱ्यांत मीही होतो. परतताना तोच नाला, तेच ऊन, पाणी किंचित उतरलेले. मी काठावर थांबलो, छोटा दांडा ओढला, आणि या वेळी समजून-उमजून बसून राहिलो. पुरुषोत्तमांनी 'काऊन थांबले' असे विचारले नाही. याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. एक खंड्या पाण्यावरून दोनदा गेला. इंजिन चालू होते. बॉनेटवर काही वाजले नाही. चाकांशी काही हलले नाही.

मग मी माझे दार उघडले, पाण्याच्या कडेच्या चिखलात उतरलो, दोन्ही हब स्वतःच्या हाताने फिरवले आणि अर्धा नाला बुटांना घेऊन परत स्टिअरिंगवर बसलो. कोणी खेकसले नाही.

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांची तिन्ही वर दिली आहेत आणि तिन्ही खोटी आहेत. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. तिची किल्ली मी अविनाशकडे मागणार नाही. परंतु तो हा अंक वाचतो, म्हणून येथे जाहीरपणे लिहून ठेवतो : त्या दुपारी मी काहीही विसरलो नव्हतो. मी चुकलो होतो. ती चूक माझी आहे, आणि निदान ती तरी माझ्याकडून कोणी काढून घेऊ नये.