मास्तरांचा कुठलाही काटा

बारामतीत इलेक्ट्रॉनिक वजनकाटे विकणाऱ्या एका माणसानं आमच्या मास्तरांना फसवलं. त्यांच्या प्रोग्राममध्ये न विचारता बदल केला आणि वर नाव मात्र मास्तरांचंच ठेवलं.

मास्तर माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसून दूध संकलन केंद्रांसाठी जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामचे तयार भाग, लिहायचे. ओळ लिहायच्या आधी स्वतःलाच विचारायचे, "ह्याच्या जागी उद्या दुसरं येईल का?" काट्याच्या जागी येणार, म्हणून त्याला इंटरफेस: वजन सांगतो तो काटा, कंपनी कुठलीही असो. दूधपावतीला मात्र साधा क्लास, म्हणजे एकच ठरलेला साचा. मी म्हणालो, "सगळ्यालाच इंटरफेस करा की, गिऱ्हाइकाला सांगायला बरं."

"दादा, पावती एकाच नमुन्याची हाय. वाचणाऱ्याला उगं दोन दारं कशाला उघडायला लावायची?"

काटेवाल्याला हे खुपलं. "इंटरफेस काढा, माझ्याच काट्याचा क्लास घाला. दुसरा काटा चालायलाच नको."

मास्तर चहा फुंकत म्हणाले, "काटा चांगला असंल तर लोक ठेवत्यालच. कुलूप मी लावणार न्हाय."

तो हसला. नंतर नुसतं बघायला म्हणून माझ्याकडे सोर्सकोडची, म्हणजे मास्तरांनी लिहिलेल्या मूळ ओळींची, फ्लॉपी मागितली. भाजीवालीशी चार आण्यांसाठी भांडणारा मी, ती फुकट देऊन बसलो. केंद्रांवर काटे आणि प्रोग्राम बसवायला त्याचीच माणसं जायची.

पुढं निमगाव केतकीच्या केंद्रावरचा काटा बंद पडला. बावड्याहून दुसऱ्या कंपनीचा आणला. मास्तर त्याच्यासाठी छोटा क्लास लिहून घेऊन गेले, मीही सोबत होतो. लायब्ररीनं तो घेतलाच नाही. आत पाहिलं तर जिथं जिथं इंटरफेस होता, तिथं तिथं काटेवाल्याच्या मॉडेलचा क्लास. बाहेर कॅनची रांग, वर ऊन, दूध नासायला लागलेलं.

केंद्राचे चेअरमन तात्या सगळ्यांदेखत म्हणाले, "कुठलाबी काटा लावा, असं तुमीच म्हणला व्हता न्हवं? आता हे दूध तुमच्या डोक्यावर वतू का?"

मी तोंड उघडणार, तोच मास्तरांनी माझा हात दाबला. "वर नाव माझं हाय, तात्या. चूक माझीच धरा." मग जुना तराजू मागवून दुपारपर्यंत स्वतः वजनं घेतली.

महिन्याभरात ते बहिणीच्या गावी निरवांगीला गेले. शेती बघतात. कॉम्प्युटरला पुन्हा हात लावला नाही. मी दोनदा आणायला गेलो. दोन्ही वेळा जेवू घालून परत पाठवलं.

मास्तर गप्प बसले, मी बसणार नाही. काटेवाल्या, निमगावच्या केंद्रावर ये. तात्यांसमोर, त्या रांगेतल्या माणसांसमोर उभा राहा आणि तो क्लास कुणी घातला ते तुझ्या तोंडानं सांग.