दुसरीच्या बाईंचे 'हे'

आमच्या शाळेतल्या दुसरीच्या बाईंनी 'हे' या शब्दाशी धरलं तसं हाडवैर अख्ख्या रायगड जिल्ह्यात कुणी धरलं नसेल. आपण कसे, शब्द सुचला नाही की 'ते हे दे, ते हे कर' म्हणून मोकळे. बाईंना ते खपत नसे. मुलाने 'बाई, माझं हे तुटलं' म्हटलं की सगळ्या वर्गाने एका सुरात विचारायचं, 'हे म्हणजे काय?' मग चपलेचा अंगठा, दप्तराचा बंद, जे असेल ते नावानिशी बाहेर येई. एकदा मधल्या सुट्टीत मीच, चौथीचा मास्तर, म्हणालो, 'बाई, जरा ते हे द्या.' गाळणी हा शब्द आठवेपर्यंत माझा चहा पार निवला, पण बाई हलल्या नाहीत. पेणच्या बाजारात वालाच्या शेंगा विकणारी म्हातारी 'हे घे गो' म्हणाली, तर तिलाही त्यांनी विचारलंच. 'शेंगा हायेत, दिसत नाय?' म्हातारी खेकसली, आणि बाई खूश होऊन दुप्पट शेंगा घेऊन आल्या.

त्या वर्षी त्यांच्या वर्गात मिठागरावरची एक पोर आली. शाळेत तोंडातून चकार शब्द नाही. बाप सांगायला आला, बोलतच नाय तर शाळा कशाला, मिठागरावर हाताशी तरी येईल. बाईंनी त्याला दिवाळीपर्यंत थोपवलं आणि इरेला पेटल्या. रोज पोरीपुढे काहीतरी ठेवायच्या, शिंपला, चाळण, हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यातून आणलेला मातीचा उंदीर. पोर नुसती बघे. हा नाद सोडा, असं मी एकदा म्हणालो, तर आठवडाभर माझ्याशी अबोला.

बाईंचे यजमान रोह्याला कंपनीत होते. दिवाळी तोंडावर आली असताना एका सकाळी ते रात्रीची शिफ्ट करून घरी आले, तर बाईंचा चष्मा घरीच. बिचारे तसेच शाळेत घेऊन आले. आमच्या दोन वर्गांमध्ये नुसता एक फळा आडवा, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. बाई म्हणाल्या, 'अगंबाई, हे आले वाटतं.'

बारीक आवाज आला, 'बाई, हे म्हंजे काय?'

तीच पोर. मी फळ्याआडून डोकावलो. लग्नातल्या उखाण्यानंतर ज्यांनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं त्या बाई लालबुंद झाल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, 'सदाशिव.'

'सदाशिव,' पोर म्हणाली. मग सगळा वर्ग म्हणाला. यजमान दारात चष्मा हातात धरून तसेच उभे. पोरीचं नाव शाळेतून गेलं नाही, आणि पुढे चौथीत माझ्याकडे आल्यावर तिला गप्प बसवता बसवता माझ्या नाकी नऊ आले.

परवा बाईंकडे गेलो होतो. यजमान जाऊन वर्ष होत आलं. खिडकीपाशी एक आरामखुर्ची होती, तिच्यात बसावं की नाही, मला कळेना.

'बसा हो,' बाई म्हणाल्या. 'ह्यांची...' आणि थांबल्या. मी काही विचारणार नव्हतो.

'सदाशिवची खुर्ची आहे,' त्या म्हणाल्या. 'बसा.'