सूर्यबाईची किंमत

पहाटेपासून वाळवंटाच्या अंगानं कोरडा, बोचरा वारा सुटला होता. आमच्या मेबोद गावाला हिवाळ्यात बादलीतल्या पाण्यावर दुधावर साय धरावी तसा बर्फ धरतो. तलअत खानमनं तो मुठीनं फोडला, गारठलेली बोटं काखेत धरून उबवली आणि निळ्या रंगात कुंचला बुडवला. पलीकडं तिचा थोरला भाऊ, उस्ता नूरोल्ला, चाकावर मातीचा गोळा बसवत होता.

त्या घरातली वाटणी बापाच्या वेळेपासूनची. माती भावाची, चेहरा बहिणीचा. तो ताटली घडवणार, ती तिच्यावर सूर्यबाई काढणार. गोल तोंड, एकमेकींना भिडलेल्या भुवया आणि भोवतीनं किरणं. सूर्यबाई आमच्याकडं सगळेच कुंभार काढतात, पण तलअत खानमची तेवढी गालातल्या गालात हसते. लग्न का केलं नाहीस म्हणून कुणी विचारलं की ती म्हणायची, "इतक्या बायांची तोंडं रंगवली, माझंच तेवढं राहून गेलं."

नूरोल्लाची पोरगी पूनेह यज्दला नोकरी करते. तिनं आत्याला फोनवर दुकान थाटून दिलं. दुकानात ताटलीच्या चित्राखाली भाव तीन तऱ्हांनी दिसायचा. तोमानात आपल्या लोकांसाठी. तोमान रोज सकाळी घसरलेला असतो, म्हणून शेजारी डॉलर. आणि परदेशी माणसाचं कार्ड आपल्या बँकेत चालत नाही, म्हणून टेथर, म्हणजे डॉलरच्या तोलानं चालणारं, फोनातल्या फोनात हात बदलणारं नाणं. आपण एकच आकडा टाकायचा, बाकीचे दोन दुकान स्वतःच मांडणार.

तो एक आकडा टाकायचं काम तलअत खानमकडं होतं, आणि तिनं टाकलं शून्य.

आता ह्यात तिचं काय चुकलं? आमच्याकडं गिऱ्हाईकानं "कितीला?" विचारलं की दुकानदार आधी म्हणतो, "तुमच्यापुढं त्याची काय किंमत! न्या तशीच." गिऱ्हाईक म्हणतं, "छे, छे, हात दुखले तुमचे, सांगा." असं दोनतीनदा झालं की मग खरा भाव. पाववालासुद्धा हेच करतो. आल्या माणसाच्या तोंडावर आकडा फेकायचा म्हणजे त्याची गचांडी धरण्यासारखंच. तेव्हा तिनं आधी शून्य लिहिलं. विचारील तो, मग सांगू.

आणि एकानं विचारलं. लिस्बनचा दुआर्ते नावाचा माणूस, लेकीच्या लग्नाच्या जेवणासाठी ताटल्या शोधत होता. फोननं उलटंपालटं भाषांतर करून दाखवलं: "बाई, तिन्ही नाण्यांत शून्य दिसतंय. खरी किंमत काय?"

तलअत खानम खूश झाली. माणूस रीतीचा दिसतो! तिनं लिहिलं, "तुमच्यापुढं काय किंमत. तशाच न्या."

थोड्या वेळानं उत्तर आलं. "देव तुमचं भलं करो. अशी माणसं अजून आहेत हे मला माहीत नव्हतं." आणि भट्टीतून धड निघालेल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या ताटल्या त्यानं मागवल्या.

नूरोल्लानं चाक थांबवलं. "एकदाच विचारलं त्यानं? एकदाच?"

"एकदाच, दादा."

"आणि घेऊन मोकळा? कुठल्या जंगलात वाढलाय हा!" मातीचे हात त्यानं कपाळाला लावले. "अगं, नौरोजच्या नव्या वर्षाआधीची ही एकच भट्टी. ह्यातून पैसा आला नाही तर झिलई कशातनं आणायची? नौरोजच्या बाजारात काय, तुझं हे गालातलं हसू मांडून बसू?"

फोनवर पूनेहनं सरळ सांगितलं. "आत्या, लिही की चूक झाली. एक बटण दाबलं की ऑर्डर रद्द. जगात सगळे करतात."

"चूक कशी म्हणू गं? मीच म्हणाले ना, न्या म्हणून."

"ते काय खरं म्हणाली होतीस?"

"त्याला कुठं ठाऊक ते? त्याच्या लेखी मी शब्द दिलाय."

मग दुपारपर्यंत ती फोन उचलायची आणि परत खाली ठेवायची. चहा गार झाला. नूरोल्ला मुद्दाम आदळआपट करत माती मळत होता. रद्द केलं तर लग्नघरच्या माणसापुढं ती खोटी पडत होती. पाठवलं तर भावाचा हिवाळा पाण्यात. शेवटी तिनं एक कोरी ताटली उचलली, उलटीसुलटी करून पाहिली.

"दादा, ही कुणाची?"

"माझी. अजून तोंड कुठं आलंय तिला?"

"मग तुझी वस्तू मी फुकट देणारी कोण?"

तिनं फोन पुढ्यात ओढला आणि एकेक अक्षर दाबत लिहिलं: "दुआर्ते साहेब, चेहरे माझे. ते दिले, ते दिलेच. माती माझ्या भावाची आहे, ती द्यायचा हक्क मला नव्हता. मातीची किंमत खाली लिहिली आहे." आणि रकान्यात खऱ्या भावाचा निम्मा आकडा टाकला. शेजारी डॉलर उमटला, त्याच्या शेजारी टेथर. जन्मात पहिल्यांदा तिनं न विचारता कुणाला भाव सांगितला होता. कानशिलं लाल झाली तिची.

चहाच्या वेळेला पैसे आले. दाखवलेला आकडा, ना कमी ना जास्त. सोबत "भावाला नमस्कार सांगा."

"बाकीचे अर्धे पण घ्या, असं एकदासुद्धा म्हणाला नाही," नूरोल्ला कुरकुरला. पण झिलईवाल्याला फोन त्यानं लगेच लावला.

"तो आकडा विचारणारा माणूस आहे दादा. आकडा दाखवला, त्यानं दिला. आपणच बोलायला उशीर केला."

संध्याकाळी पूनेहकडून तिनं दुकान नीट करून घेतलं. वर तिन्ही नाण्यांत भाव, ठसठशीत. त्याखाली बारीक अक्षरांत तिच्या हट्टानं एक ओळ: तुमच्यापुढं काय किंमत.

"आत्या, पुन्हा कुणी खरं मानलं तर?"

"वर आकडा आहे ना आता."

मग तिनं रंगाची वाटी जवळ ओढली. वरच्या रंगानं सुकून साल धरली होती. पाण्याचा थेंब टाकून तिनं तो बोटानं कालवला, आणि दुपारची ती कोरी ताटली मांडीवर घेऊन भुवया काढायला लागली.