उलटे सोफे

भाऊजींनी सोफा सुलटा केला तो फक्त पाठ टेकायला. ऑफिसातून दमून आलेला माणूस, बाहेरच्या खोलीत सोफेच सोफे, आणि सगळे पाय वर करून पडलेले! वहिनी भाजीला गेल्या होत्या. भाऊजींनी कोपऱ्यातला एक सरळ केला, अंग टाकलं, डोळे मिटले, आणि पोटावर धप्पकन साहेब येऊन पडले.

साहेब म्हणजे कुत्रा. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं म्हणून डॉक्टरांनी त्याच्या नडगीचं हाड वरच्या बाजूला कापून, जरासं फिरवून, धातूची पट्टी आणि स्क्रूंनी बसवलं होतं. त्याला महिनाही झाला नव्हता. धावणं, जिने, उड्या सगळं बंद.

आता सोफे दुरुस्त करणाऱ्या बाईच्या घरात कुत्र्याने उडी मारायची नाही, म्हणजे हलवायाच्या घरात मुंगीने उपास करायचा! वहिनी जुन्या सोफ्यांना नवा स्पंज आणि नवं कापड चढवून देत. नवरा, म्हणजे भाऊजींचा थोरला भाऊ, फिरतीवर, त्यामुळे घराचा कारखाना झाला तरी विचारणारं कोणी नव्हतं. काम करताना त्या बारीक खिळे तोंडात धरत आणि एकेक काढून ठोकत. खिळे तोंडात असले की माणूस फार बोलत नाही. वहिनींना ती सवय खिळे नसतानाही राहिली होती. साहेबही धंद्यातूनच आले होते. एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला सोफा आणला, सोबत पिल्लू आणलं. सोफा परत नेला, पिल्लू विसरला. "सोफा विसरला असता तर बरं झालं असतं," असं वहिनी म्हणाल्या आणि पिल्लाला दूध घातलं.

ऑपरेशननंतर डॉक्टरांची ताकीद ऐकून त्यांनी घरी येऊन एकच केलं: सगळे सोफे पालथे घातले. एक म्हातारं गिऱ्हाईक दारातच थबकलं. "अहो, आमचा सोफा गेला की काय?"

"झोपलाय. हाड जुळलं की उठेल," वहिनी म्हणाल्या.

तर त्या दिवशी वहिनी भाजी घेऊन आल्या. साहेब मागचा पाय उचलून उभे. पिशवी खाली ठेवून त्यांनी आधी सोफ्याकडे पाहिलं, मग भाऊजींकडे.

"अहो वहिनी, पाठ दुखत होती हो..."

"गाडी बोलवा."

दवाखान्यात एक्स-रे काढेपर्यंत भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पट्टी सरकली असेल तर पुन्हा ऑपरेशन, हे त्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला.

"ही काळी रेघ दिसते? इथे कापलंय. नवं हाड भरत जाईल तशी ही पुसट होईल. तोवर सगळा भार पट्टीवर."

"आणि पट्टी?" भाऊजींनी विचारलं.

"जागेवर आहे. नशीब तुमचं."

"पण तो तर परवापासून ठणठणीत वाटतोय."

"तीच तर भानगड. दुखणं आधी जातं, हाड मागाहून जुळतं. मधल्या दिवसांत बरं वाटणारेच घात करून घेतात."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी साहेबांचा आखूड पट्टा भाऊजींच्या हातात दिला. रोज सकाळी दिव्याच्या खांबापर्यंत जायचं आणि यायचं, गोगलगाईच्या चालीने. एरवी बस पकडायला धावणारे भाऊजी लग्नाच्या नवरीसारखे पावलं टाकू लागले. शेजारी विचारत, "ऑपरेशन नक्की कुणाचं झालंय?" घरी येऊन दोघेही जमिनीवरच्या सतरंजीवर आडवे होत. पाठीचं भाऊजींनी पुन्हा नाव काढलं नाही. वहिनींनी मात्र सतरंजीखाली जुन्या स्पंजचा एक तुकडा सारला. साहेबांच्या बाजूला दोन.

पुढच्या एक्स-रेत रेघ शोधावी लागली. डॉक्टर हसले. "छान भरलंय. फिरणं हळूहळू वाढवा. स्वतःहून उड्या इतक्यात नकोत, पण बुटक्या सोफ्यावर उचलून बसवायला हरकत नाही."

घरी येताच वहिनींनी सगळ्यात बुटका सोफा सुलटा केला, कापडावरची धूळ झटकली आणि साहेबांना दोन्ही हातांनी उचलून मधोमध ठेवलं. साहेबांनी एक गिरकी घेतली, सुस्कारा टाकला आणि हनुवटी पुढच्या पंजांवर टेकली. वहिनी तोंडात खिळा धरून शेजारच्या सोफ्याच्या कामाला लागल्या. भाऊजींना राहवेना. ते हळूच कडेला टेकायला गेले.

"वहिनी, आता मीही बसू ना?"

वहिनींनी तोंडातला खिळा काढला.

"डॉक्टरांनी त्याला परवानगी दिलीय, तुम्हाला नाही."