नेहमीसारखं पास

पीयूसीवाल्याने आमच्या सतरा वर्षांच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि आकडे बघून हसला. “काका, नापास. दुसऱ्या गाडीत नळी घालून पास करू, नेहमीसारखं?”

नेहमीसारखं! शब्द झोंबला, कारण खरा होता. वैतागून नको म्हटलं आणि गाडी थेट भंगारवाल्याकडे नेली.

“मोडता कशाला साहेब? खेड्यात खपेल की. तिथं धूर कोण बघतंय?” तो म्हणाला.

“मोडायचीच!” मी खेकसलो. पण राग त्याच्यावर नव्हताच. धूर इथेही कोण बघत होतं? मी बघत होतो. सिग्नलला मागची एखादी स्कूटरवाली ओढणीने नाक दाबताना आरशात रोज दिसायची. आणि मी आपली काच वर करून घ्यायचो.