गोचिडाची थुंकी

आमच्या लायनीत शोध लागायला वेळ लागतो, किस्से मात्र रोज घडतात. अकोल्याच्या आमच्या लॅबमध्ये गोचिडाच्या लाळेवर काम चालतं, मग काय विचारता!

नवा वॉचमन एकदा म्हणाला, "सायेब, येवढ्याशा किड्याले थुंकी असते?"

"असते ना. रक्त पिताना तो ती म्हशीच्या अंगात सोडतो."

"अन् म्हैस काहीच म्हनत नाही?"

"तेच तर शोधून राहिलो बाप्पा!"

लाळेतलं काहीतरी म्हशीची प्रतिकारशक्ती गुंगवून ठेवतं. संधिवातात हीच शक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते; म्हणून ते हाती लागलं की उद्या संधिवातावर औषध निघेल. निघणारच!

*

आमच्या लॅबमधली वैशाली यातच पीएच.डी. करते. तिला लागतात जिवंत, टम्म फुगलेले गोचीड. पण आपल्या गोठ्यात गोचीड आहेत हे वऱ्हाडात कोण कबूल करणार? इज्जतीचा सवाल!

एका गावात पहिल्या घरचा म्हणाला, "आमच्या इथं नाही, त्या समोरच्याकडं पाहा." समोरच्याने आम्हाला परत पहिल्याच घरी पाठवलं.

*

शेवटी हिवरखेडचे एक काका फोनवर हो म्हणाले. वैशाली डब्या घेऊन निघाली, मी गाडी काढली. पोचलो तर गाय धुतलेली, शिंगांना तेल!

काका खुशीत म्हणाले, "तुमी येऊन राहिले म्हनून सकाळीच सारे गोचीड काढून जाळून टाकले, म्याडम!"

परतताना वैशाली गाडीत रडली. दिवाळीपर्यंत लाळ मिळाली नाही तर विषय बदल, असं गाइडने बजावलं होतं. मलाही फार वाईट वाटलं.

*

तेवढ्यात तिला नांदगाव खंडेश्वरचं स्थळ आलं. वडिलांनी पढवलं होतं, "लॅबमध्ये असते, एवढंच सांग." हिने पोहे देता देता सगळं सांगितलं, हिवरखेडसकट! वरून मुलाच्या आईला विचारलं, "तुमच्या म्हशींना असतील का हो गोचीड?"

वडील पंख्याकडे बघत बसले.

"आमच्या गोठ्यात? एकबी नाही!" बाई ठसक्यात म्हणाल्या.

तरी होकार आला.

साखरपुड्याला सासूबाई ओटी भरायला उठल्या. गहू, नारळ, खण, आणि खणाखाली झाकणाला भोकं पाडलेली एक बरणी. आत काहीतरी वळवळत होतं.

सासूबाई वैशालीच्या कानाशी वाकल्या. "जिते हायेत सारे. पन आमच्या घरचे म्हनून कोनाले सांगू नको, बाई."